शौनकरावांचा खिसा

कोलकाता, १५ जून २०२५

शौनक,

आशीर्वाद लिहिते आहे, घ्यायचे की नाहीत ते तू ठरव. माझी सवय काही सुटणार नाही.

फोन केला की तू "मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. सहा वर्षं एकच मीटिंग चालली आहे, धन्य आहे तुमच्या ऑफिसची. म्हणून पत्र. कोचीचा पत्ता जान्हवीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, सासूने पत्ता मागितल्यावर ती बिचारी काय सांगणार? रुचाला सहा पूर्ण झाली, त्याचा फोटो तिने पाठवला. केक कापताना जीभ बाहेर काढली आहे पोरीने. तूही चित्र रंगवताना अशीच काढायचास. त्यावर मात्र मी कधी काही रचलं नाही हो.

आता कामाचं. आपल्या मराठी मंडळाला यंदा पंचाहत्तर वर्षं होतात. अजेय सेक्रेटरी आहे, आपल्या जुन्या साहेबांचा अजेय. नोकरी सांभाळून मंडळासाठी खपतो. त्याच्या डोक्यात आलंय की माझ्या रविवारच्या वर्गातल्या कवितांचं पुस्तक काढायचं आणि गणपतीतल्या रविवारी त्याचं प्रकाशन करायचं. स्नेहा म्हणून एक मुलगी चित्रं काढते आहे. मी आधी नको नको म्हटलं. खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्या झाल्या. त्र्याहत्तराव्या वर्षी कुणी पुस्तक काढतो म्हटलं तर काय होणार?

प्रस्तावनेसाठी अजेयने मला विचारलं, की काकू, सगळ्या कवितांत शौनकरावच का? मुलांच्या खोड्या तर अनेकांच्या असतील. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, मग मीच नीट आठवून त्याला सांगितलं. वर्ग सुरू झाला तेव्हा मराठी घरं मोजकीच. सकाळी वर्गात कुणी बाहीला नाक पुसलं, तर संध्याकाळपर्यंत गार्डन रीचपासून सॉल्ट लेकपर्यंत सगळ्यांना कळायचं. रागावून मुलं सुधारत नाहीत, हसवून सुधारतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या मुलाचं नाव घेऊन त्याच्यावर हसायचं, हे कुठल्या सभ्यपणात बसतं? म्हणून मी रीत पाडली. खोड कुणाचीही असो, नाव घरच्या मुलाचं. आईबाप दुखावत नाहीत, मुलं पोट धरून हसतात, आणि ज्याची खोड असते त्याला बरोब्बर कळतं.

*शौनकराव बसले पाटावर,*
*चिखलाचे मोजे हातांवर.*
*भात म्हणाला वरणाला,*
*"चल, लागू या पळायला!"*

या चार ओळींनी कोलकात्यातली मराठी मुलं हात धुवायला शिकली. आता त्यांची मुलं शिकताहेत.

अजेय म्हणतो, शौनकची परवानगी घ्या, हल्ली तसं लागतं. घरच्या मुलाची कसली आली परवानगी, असं मी म्हटलं. तरी विचारते. हो किंवा नाही, एवढंच कळव.

आई

कोलकाता, ६ जुलै

शौनक,

तीन आठवडे झाले. "नाही" लिहायला दोनच अक्षरं लागतात.

तुझं घोडं कुठे अडलंय ते मला माहीत आहे. बाबांचा तेरावा. त्यावरून तू घर सोडून गेलास ते आजपर्यंत. काय झालं होतं असं? पंगत बसली होती, तू पहिल्या पानावर होतास. वृंदाकाकू ऐंशीच्या घरातली बाई, तुला लहानपणापासून खेळवलेलं. तिने वाढता वाढता प्रेमाने विचारलं, "काय शौनकराव, हात धुतले का?" हसले असतील दोन-चार जण. तेरा दिवस कुणी हसलं नव्हतं त्या घरात, लोकांना तेवढंच बरं वाटलं. तू पानावरून उठलास. डोक्यावर केस नाहीत, अंगावर नवा सदरा, आणि बाबांसाठी वाढलेलं पान तसंच टाकून गेलास. जान्हवीला पाचवा महिना, तीही बिचारी अर्धपोटी तुझ्यामागे निघाली. लोक मला विचारत होते, आणि मी सांगत होते, त्याचं डोकं दुखतंय.

असो. भांडायला लिहीत नाही.

वर्गात सध्या अकरा मुलं आहेत. बोलतात अर्धं हिंदी, अर्धं बंगाली, मधूनच मराठी. कादंबरी म्हणून एक मुलगी आहे, सहाच वर्षांची, वडील लष्करात, फोर्ट विल्यमला पोस्टिंगवर. भारी चौकस. परवा हात धुण्याची कविता झाल्यावर विचारते, "बाई, शौनकराव आता मोठा झाला? आता हात धुतो?" मी म्हटलं, हो, मोठा झाला. मग विचारते, कुठे राहतो, काय जेवतो, त्याला कुणी बेबी आहे का. कोची सांगितलं, बेबी आहे म्हणून सांगितलं. काय जेवतोस ते मला सांगता आलं नाही. सहा वर्षं झाली, मला ते माहीत नाही. मी पुढची कविता घेतली.

पुस्तक ऑगस्टच्या मध्यात छापायला जाणार आहे. कळव.

आई

कोलकाता, २७ जुलै

शौनक,

तुझा मेसेज आला. "छापायचं तर छाप. मला आता काही वाटत नाही."

आधी मला आनंदच झाला. लगेच अजेयला फोन केला, परवानगी मिळाली म्हटलं. मग चहा ठेवला आणि मेसेज पुन्हा उघडला. चहा उतू गेला. ज्याला खरंच काही वाटत नाही तो माणूस "छाप की, त्यात काय" म्हणतो आणि पुढे पोरीच्या शाळेचं काहीतरी बोलतो. माझी प्रकृती विचारतो. तुझ्या मेसेजमध्ये खाली काहीच नव्हतं. मी बोटाने वर सरकवून पाहिलं, उरलं असेल काही म्हणून.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट सांभाळून लिहिली. दोन-चार जण हसले असं लिहिलं. सगळी पंगत हसली होती. आणि सगळ्यांत आधी मी हसले होते. वृंदाकाकूचं बोलणं पुरं व्हायच्या आत. माझी कविता होती ना, लोकांना पाठ होती याचं कौतुक वाटलं मला. नवरा जाऊन तेरा दिवस झाले होते आणि मला कवितेचं कौतुक वाटलं. तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटत असेल माझं लक्ष नव्हतं. होतं.

दारात चपला घालताना तू जे म्हणालास तेही मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "माझं मूल तुझ्या कवितांत येणार नाही." मी म्हटलं, एवढ्याशा गोष्टीवरून? तू म्हणालास, "कुठल्या गोष्टीवरून, ते तुला माहीत आहे," आणि जिना उतरलास.

मी सहा वर्षं स्वतःला सांगते आहे की मला माहीत नाही.

आज इथेच थांबते. हात दुखतो. म्हणजे हातही दुखतो.

आई

कोलकाता, १२ ऑगस्ट

शौनक,

हे पत्र बसून वाच, आणि जान्हवीला नंतर दे.

काल अजेय पुस्तकाची प्रूफं घेऊन आला. पान बारा काढून माझ्यासमोर धरलं, म्हणाला, "बघा काकू, अगदी आपला शौनक." चित्रात सातेक वर्षांचा मुलगा आहे. चड्डीचा खिसा फुगलेला, मान खाली. मागे दहा-बारा मुलं बोटं दाखवून हसताहेत. स्नेहाने फार सुरेख काढलंय रे. खाली कविता.

*शौनकरावांचा खिसा फुगला,*
*बाप्पाला तो लगेच दिसला.*
*"नैवेद्याआधी माझा खाऊ*
*कुठल्या उंदराने नेला, भाऊ?"*

ही कविता मी शेकडो वेळा म्हटली असेल. म्हणताना माझं तोंड हसणाऱ्या मुलांकडे असायचं. ज्याच्यावर हसताहेत तो मुलगा कसा दिसतो, हे मी काल पहिल्यांदा पाहिलं.

आता सगळं लिहिते. बाबांनाही मी हे कधी सांगितलं नाही.

तू सात वर्षांचा होतास. गार्डन रीचला साहेबांच्या बंगल्यावर गणपती. नैवेद्याच्या ताटात संदेशांची मिठाई मांडून ठेवली होती. मी आतून निरांजन घेऊन येत होते, दाराच्या फटीतून मला दिसलं. अजेयने दोन संदेश उचलले आणि खिशात टाकले. आठ वर्षांचं पोर, त्यात काय एवढं. मी गप्प राहिले. आरतीच्या आधी रजनीताईंना ताटात मोकळी जागा दिसली. "कुणाचं पोर आहे हे?" असं म्हणून त्यांनी आम्हा सगळ्या आयांवरून नजर फिरवली. स्वतःच्या पोराकडे काही पाहिलं नाही. कोण बोलणार? साहेबांची बायको. आपला वर्ग त्यांच्याच व्हरांड्यात भरायचा. आणि त्या वर्षी बाबांचं प्रमोशन साहेबांच्या टेबलावर होतं. मला कशाची भीती जास्त होती, वर्गाची की प्रमोशनची, ते मी किती वेळा उलगडून पाहिलं. दोन्हींची होती.

पुढच्या रविवारी मी ही कविता केली. रीतच होती माझी, खोड कुणाचीही, नाव घरच्याचं. पण हात न धुणं वेगळं आणि हे वेगळं, एवढं मला कळत होतं. रजनीताई मागे खुर्ची टाकून बसल्या होत्या, खदखदून हसल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि माझाही.

आणि तू उभा राहिलास. वर्गात मला बाई म्हणायचं असा नियम होता, तू तो विसरलास. "आई, मी नाही घेतले."

तेव्हा मी काय केलं ते तुला पाठ असेल. तिथल्या तिथे जुळवलं,

*शौनकरावांचं तोंड म्हणजे नळ,*
*बंद करायला लागतं बळ!*

मुलं लोळली हसून. मध्ये बोलू नये, हाही धडा झाला. एका दगडात दोन पक्षी मारल्याचा मला केवढा अभिमान! तू खाली बसलास. त्यानंतर तुझी शाळा संपेपर्यंत मुलं तुला उंदीर म्हणायची. मी एकालाही रागावले नाही.

परत येताना बसमध्ये तू विचारलंस, "तुला माहीत आहे ना, मी नाही घेतले?" मी म्हटलं, "कविता आहे रे, गंमत असते." तू खिडकीबाहेर बघत बसलास. त्यानंतर तू मला काहीच विचारलं नाहीस. मुलगा शहाणा झाला असं मला वाटलं.

काल ते चित्र समोर होतं, आणि मी अजेयला म्हटलं, "अजेय, ते संदेश तू घेतले होतेस."

त्याच्या हातातली प्रूफं टेबलावर गेली. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "हो काकू. पण तुम्हाला माहीत होतं? मला वाटायचं तुम्हाला खरंच शौनकनेच घेतले असं वाटतं." म्हणजे इतकी वर्षं तो मला निदान फसलेली समजत होता. मी त्याहून वाईट निघाले.

मग त्याने सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. "दोन घेतले होते काकू. एक मला, एक त्याला. मी त्याला मागच्या बागेत नेलं आणि दिला. त्याने नाही घेतला. म्हणाला, नैवेद्याआधी खायचं नसतं, आई म्हणते. आणि माझं नाव त्याने कधीच कुणाला सांगितलं नाही."

शौनक, मी पंचवीस-तीस मुलांना वळण लावत बसले होते. आणि ज्याला लागलं होतं त्यालाच सगळ्यांपुढे उंदीर केलं.

अजेयला मी पुस्तक थांबवायला सांगितलं. त्याने एकदाही का म्हणून विचारलं नाही. जाताना वाकून नमस्कार केला, मला तो घेववला नाही.

तू परवानगी दिली आहेस. ती मी परत करते.

आई

कोलकाता, ३१ ऑगस्ट

शौनक,

जान्हवीने कळवलं की तू पत्रं वाचतोस आणि कपाटात ठेवतोस. बाकी ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. एवढं कळलं तेही पुष्कळ आहे मला.

आज मंडळात कार्यक्रम झाला. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पुस्तक नव्हतं. अजेय म्हणाला, मी उभा राहून सगळं सांगतो. मी त्याला बजावलं, "अजिबात नाही. तुझी मुलं समोर बसली आहेत, त्यांच्यासमोर तुझं नाव घ्यायचं म्हणजे मी पुन्हा तेच केल्यासारखं होईल. शौनकला काय लिहायचं ते तू लिही." तो लिहिणार आहे. उत्तर द्यायचं की नाही, तुझी मर्जी.

हॉल भरला होता. जुनी मुलं आपापली मुलं घेऊन आली होती, वृंदाकाकूलाही खुर्चीत बसवून आणलं होतं. मी माइकवर गेले आणि म्हटलं, एक जुनी कविता दुरुस्त केली आहे.

*कालिंदीबाईंची पर्स फुगली,*
*बाप्पाला ती लगेच दिसली.*
*"नैवेद्याआधी माझा खाऊ*
*कुठल्या उंदराने नेला, भाऊ?"*

बाईंचं स्वतःचं नाव ऐकून जे हसू फुटलं! मुलं तर लोळलीच, मोठी माणसंही डोळे पुसत होती. कुणीतरी मागून ओरडलं, बाई, पर्स दाखवा. मला सगळं आधीपासून माहीत होतं. मीच लिहिलेलं, मीच ठरवलेलं. तरी कान तापले. हात कुठे ठेवावे कळेना, पदर सारखा करत राहिले. कधी एकदा खाली उतरते असं झालं. माझं वय त्र्याहत्तर. तू सात वर्षांचा होतास, आणि तुला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर मी सांगितलं, की शौनकरावांच्या खिशाची जी कविता तुम्हाला पाठ आहे ती खोटी आहे. त्या मुलाने काही घेतलं नव्हतं. त्याला संदेश दिला तरी त्याने खाल्ला नव्हता. बाईंना माहीत होतं, तरी बाईंनी त्याचं नाव घातलं. लोक चुळबुळले. वृंदाकाकूला ऐकू कमी येतं, ती शेजारणीला विचारत होती काय म्हणते म्हणून. गंमत चालली होती, बाईंनी मध्येच हे काय काढलं, असं बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर होतं. असू दे.

पहिल्या रांगेतून कादंबरी उभी राहिली. मध्ये बोलू नये हे तिला मीच शिकवलंय. तिची आई तिला खाली ओढत होती. मी म्हटलं, बोलू द्या तिला.

"बाई, तुम्ही सॉरी बोलला त्याला?"

मी म्हटलं, तीन पत्रं लिहिली, चार लिहिली, सगळं लिहिलं. ती म्हणाली, "पण सॉरी बोलला?"

मी मनात चारही पत्रं चाळली. नव्हतं लिहिलं. अडतीस वर्षांत चाळीस कविता झाल्या. धन्यवाद कसं म्हणायचं, शिंकताना रुमाल कसा धरायचा, पाहुण्याला पाणी कसं द्यायचं. क्षमा मागण्यावर एकही नाही. गरजच पडली नव्हती, चुका नेहमी शौनकराव करायचे.

घरी आल्यावर करून पाहिली. दुपारभर बसले. यमक जुळतं, पण हसू येत नाही, आणि हसू आलं असतं तरी पाठवली नसती.

सोबत वही पाठवते आहे. सगळ्या कविता तीत आहेत, दुसरी प्रत मी ठेवलेली नाही. तुझं नाव आहे त्यात, तेव्हा ती तुझीच. फाड, ठेव, रुचाला होड्या करायला दे. रुचाबद्दल मी काही मागत नाही. तिला भेटावंसं मला फार वाटतं, एवढं लपवत नाही.

शौनक, माझं चुकलं. मला माफ कर.

आणि तू बसमध्ये विचारलं होतंस त्याचं उत्तर राहिलं आहे. हो बाळा, मला माहीत होतं. तू नव्हतेस घेतले.

आई